दाबबिंदू : कोठे दाबावे, कोठे थांबावे



‘मनगटावरची एक जागा दाबली की मळमळ थांबते म्हणतात, ते खरे का?’ आणि ‘पायाचे बिंदू रोज दाबले, तर रक्तदाबाची गोळी बंद करता येईल का?’ हे दोन प्रश्न मला दवाखान्यात वरचेवर विचारले जातात; कधी कधी तर एकाच भेटीत, एकाच व्यक्तीकडून. विषय एकच असला, तरी दोहोंची उत्तरे वेगळी आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी ‘होय’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर निःसंदिग्धपणे ‘नाही’ असे आहे. ज्याला आपण ॲक्युप्रेशर म्हणतो, त्या चिनी परंपरेतील बिंदुमर्दनाचा घरात नित्य उपयोग कसा करावा आणि त्याची हद्द कोठे संपते, हे आज पाहू.

प्रारंभीच सांगितले पाहिजे की, मी आधुनिक वैद्यक शिकलेला डॉक्टर आहे. चिनी वैद्यक ही माझी विद्याशाखा नव्हे. म्हणून सुया टोचण्याविषयी मी येथे काहीही सुचवणार नाही. घरी, स्वतःच्या किंवा आप्तांच्या अंगठ्याने, निर्धोकपणे जे करता येते, तेवढेच सांगणार आहे.

परंपरा काय सांगते?

चिनी वैद्यकाचा आधारग्रंथ ‘ह्वांगडी नेइजिंग’ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सिद्ध झाला. त्यातील विचारानुसार शरीरात ‘ची’ नावाची जीवनशक्ती ठरावीक मार्गांनी वाहते. हा प्रवाह कोठे अडला वा क्षीण झाला की व्याधी उद्भवते, आणि त्या मार्गावरील विशिष्ट जागी सुई टोचून, शेक देऊन किंवा दाबून तो पूर्ववत करता येतो, अशी ही धारणा आहे. शरीराच्या दोन्ही बाजूंना असणारे बारा मार्ग आणि मध्यरेषेवरील दोन, असे चौदा मार्ग मानले जातात. त्यांवरील बिंदूंची प्रमाणित संख्या आज ३६१ आहे; जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये त्यांच्या जागांचे वर्णनही प्रसिद्ध केले.

या जागा अचूक शिकवण्यासाठी चीनमध्ये फार प्राचीन काळापासून खटपट झाली. सुंग राजवटीत, १०२७ मध्ये, राजवैद्य वांग वेइयी यांच्या देखरेखीखाली माणसाच्या आकाराचे दोन कांस्यपुतळे ओतण्यात आले. त्यांवर बिंदूंच्या जागी बारीक छिद्रे होती. परीक्षेच्या वेळी पुतळ्यावर मेणाचा लेप देऊन आत पाणी भरत. विद्यार्थ्याची सुई नेमक्या छिद्रात गेली की पाणी बाहेर येई, असे सांगितले जाते.

सुईला अशी अचूकता लागते; अंगठ्याला तेवढी लागत नाही. अंगठ्याचे पेर बोरभर जागा व्यापते, आणि बिंदू त्या टापूत असला म्हणजे पुरे. म्हणूनच चिनी कुटुंबांत सुईचे काम वैद्याकडे राहिले, पण मर्दन घराघरांत रुजले. त्यास जुना शब्द ‘आनमो’, म्हणजे दाबणे व चोळणे. पुढे ‘थुइना’, म्हणजे ढकलणे व पकडणे, हे नाव रूढ झाले. आपल्याकडे आजीचे पाय चेपणे किंवा काशाच्या वाटीने तळपाय घासणे जसे घरगुती, तसेच हेही.

भारतात ही विद्या येण्यामागे एक जिव्हाळ्याची कथा आहे. चीन-जपान युद्धाच्या काळात, १९३८ मध्ये, काँग्रेसने पाच डॉक्टरांचे वैद्यकीय पथक चीनला पाठवले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि कलकत्त्याचे डॉ. बिजॉयकुमार बसू होते. डॉ. कोटणीस यांचे १९४२ मध्ये तेथेच निधन झाले. डॉ. बसू मायदेशी परतले. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, तेथे ॲक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी या उपचारास आरंभ केला.

विज्ञानाच्या कसोटीवर

‘ची’ वाहून नेणारे मार्ग शरीराच्या विच्छेदनात किंवा सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिनीसारखे सापडलेले नाहीत. तरीही त्या जागा दाबल्याने काहीच घडत नाही, असे म्हणता येणार नाही. त्वचा, स्नायू व कंडरा यांमधील मज्जातंतूंना दाब जाणवतो आणि तो संदेश मेंदूपर्यंत पोचतो. मनगटावरील ज्या बिंदूविषयी पुढे सांगणार आहे, त्याच्या खालून हाताचा एक प्रमुख मज्जातंतू जातो. शिवाय शांत बसणे, संथ श्वास, आपल्या माणसाचा स्पर्श आणि ‘आता बरे वाटेल’ ही अपेक्षा, यांचाही परिणाम खरा असतो. वेदना व अस्वस्थता यांची तीव्रता मेंदूच ठरवत असल्यामुळे त्या परिणामास तुच्छ लेखण्याचे कारण नाही.

पुरावा कोठे भक्कम आहे? शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळ व उलटीबाबत तो सर्वांत चांगला आहे. बेलफास्ट येथील भूलतज्ज्ञ जॉन डंडी यांनी १९८० च्या दशकात मनगटावरील या एका बिंदूचा पद्धतशीर अभ्यास केला. पुढे अनेक देशांत चाचण्या झाल्या, आणि २०१५ च्या कॉक्रेन समीक्षेने ५९ चाचण्यांचा एकत्रित विचार करून, हा बिंदू उत्तेजित केल्यास मळमळ व उलटीचे प्रमाण घटते, असा निष्कर्ष काढला. निद्रेबाबतही आशादायक अभ्यास आहेत. तैवानमध्ये वृद्धनिवासांतील रहिवाशांवर झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बिंदुमर्दन घेणाऱ्यांची झोप सुधारल्याचे आढळले. अशा चाचण्यांत एक अडचण मात्र कायमची आहे. गोळीच्या चाचणीत रुग्णाला खोटी गोळी देता येते. अंगठ्याचा खोटा दाब कसा देणार? त्यामुळे झोप, डोकेदुखी, थकवा यांबाबत ‘उपयोग होण्याची शक्यता आहे’ इतकेच म्हणणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

रक्तदाब, मधुमेह, हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळे किंवा थायरॉइड यांची औषधे बिंदू दाबून बंद करता येतात, यास मात्र आधार नाही. येथे एक फसगत हमखास होते. दहा मिनिटे निवांत पडून पाय दाबून घेतल्यावर रक्तदाब मोजला, तर आकडा थोडा खाली आलेला दिसतो. पण दहा मिनिटे नुसते निवांत पडून राहिले तरीही तो बहुधा खाली येतोच. तासाभराने, जिना चढल्यावर, किंवा पहाटे रक्तदाब किती असतो, ते त्या आकड्यातून कळत नाही. आणि पक्षाघाताचा धोका ठरतो तो वर्षानुवर्षांच्या रक्तदाबावर.

माप कोणाच्या बोटांचे?

बिंदू शोधण्यासाठी चिनी वैद्यक ‘त्सुन’ हे माप वापरते. अंगठ्याच्या सांध्याची रुंदी म्हणजे एक त्सुन. तर्जनी, मधले बोट व अनामिका जुळवून धरली, तर त्यांची रुंदी दोन त्सुन. करंगळीसह चारही बोटांची रुंदी तीन त्सुन. हे माप ज्याच्या शरीरावर बिंदू शोधायचा, त्याच्याच बोटांचे घ्यायचे असते. कृश सासूबाईंच्या पायावरील बिंदू धिप्पाड जावयाच्या बोटांनी मोजला, तर तो चुकणारच. म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांनी आधी रुग्णाचाच हात त्याच्या मनगटावर किंवा नडगीवर ठेवून जागा निश्चित करावी, आणि मग आपला अंगठा टेकवावा.

नित्योपयोगाच्या सहा जागा

पहिली जागा नेइग्वान, म्हणजे ‘आतली वेस’. तळहात वर करा. मनगटाच्या घडीवर दुसऱ्या हाताची तीन बोटे आडवी ठेवा. अनामिका घडीला टेकलेली असावी. तर्जनी जेथे संपते, तेथे मध्यभागी दोन दोरीसारख्या कंडरा हाताला लागतात. मूठ किंचित आवळली की त्या अधिक स्पष्ट होतात. त्या दोहोंमधील खाच हा बिंदू. बस-मोटारीच्या प्रवासातील मळमळ, औषधामुळे होणारी मळमळ, यासाठी दोन ते तीन मिनिटे दाबावा. प्रवासासाठी मनगटावर बांधायचे, आतून गोटी असलेले लवचीक पट्टे मिळतात; तेही याच जागेसाठी असतात.

दुसरी जागा झूसानली, म्हणजे ‘पायावरचे तीन ली’. ‘ली’ हे अंतराचे जुने चिनी माप. थकलेला वाटसरू हा बिंदू दाबून आणखी तीन ली चालू शकतो, अशी या नावाची लोकव्युत्पत्ती आहे. जपानी कवी बाशो १६८९ मध्ये लांबच्या पायी प्रवासास निघाला, तेव्हा त्याने याच जागी मोक्सा नावाच्या वाळलेल्या पानांचा शेक घेऊन पाय सज्ज केले होते. खुर्चीत बसून गुडघा काटकोनात वाकवा. गुडघ्याच्या वाटीखाली बाहेरच्या अंगास एक खळगा लागेल. तेथून खाली चार बोटे मोजा, आणि नडगीच्या हाडाच्या धारेपासून एक बोट बाहेर सरका. पाऊल वर उचलले की तेथील स्नायू अंगठ्याखाली फुगतो, ही खूण. पोटाचा जडपणा व पायांचा थकवा यांसाठी परंपरा हा बिंदू सुचवते. शेक देण्याचा प्रयोग मात्र घरी करू नये. वृद्धांची त्वचा पाहता पाहता भाजते.

तिसरी जागा शेनमेन, म्हणजे ‘चित्ताचे द्वार’. तळहात वर करून करंगळीच्या मुळापासून सरळ मनगटाच्या घडीपर्यंत या. तेथे वाटाण्याएवढे गोल हाड लागते. त्याच्या लगत, मनगटाच्या मध्याच्या दिशेस, घडीवरच असलेला लहान खळगा हा बिंदू. झोपेपूर्वी दोन्ही हातांवर दोन-दोन मिनिटे, अगदी हलका दाब द्यावा. त्या वेळी दिवा मंद असावा, दूरचित्रवाणी बंद असावी. या दोन गोष्टींचा वाटाही बिंदूपेक्षा कमी नाही.

चौथी जागा हेगू. आपल्याकडील पुस्तकांत ती ‘होकू’ या नावाने आढळते. अर्थ ‘जेथे दऱ्या मिळतात ती जागा’. अंगठा तर्जनीला चिकटवला की त्यांच्यामध्ये मांसाचा उंचवटा येतो. त्याचा सर्वांत उंच भाग हा बिंदू. बोटे सैल करून, तर्जनीच्या हाडाच्या दिशेने दाबावे. ताणामुळे होणाऱ्या डोकेदुखीत बऱ्याच जणांना याने उतार पडतो. दातदुखीतही तात्पुरते बरे वाटू शकते. पण किडलेला दात किडलेलाच राहतो, दंतवैद्याकडे जाणे टळत नाही. गर्भवती स्त्रीच्या हातावर हा बिंदू दाबू नये, अशी परंपरेचीच ताकीद आहे. घरात लेक-सून गरोदर असेल, तर हे ध्यानात ठेवावे.

पाचवी जागा यिंगशिआंग, म्हणजे ‘सुगंधाचे स्वागत’. नाकपुडीच्या सर्वांत रुंद भागाशेजारी, गालाकडे उतरणाऱ्या घडीत, दोन्ही बाजूंना ही जागा आहे. सर्दीने नाक चोंदले असता दोन्ही तर्जन्यांनी मिनिटभर हलके वर्तुळाकार चोळावे. हात आधी साबणाने धुवावेत.

सहावी जागा योंगच्वान, म्हणजे ‘उसळता झरा’. पायाची बोटे आत वळवली की तळव्याच्या पुढच्या भागात खळगा पडतो. बोटांच्या मुळापासून टाचेपर्यंतच्या अंतराचा साधारण पहिला तृतीयांश संपतो तेथे. रात्री झोपण्यापूर्वी हा भाग अंगठ्याने किंवा तळहाताने चोळण्याची चिनी ज्येष्ठांत जुनी रीत आहे. या बिंदूकडे आपण लेखाच्या अखेरीस पुन्हा येऊ.

दाबण्याची रीत

नखे कापलेली असावीत. अंगठ्याच्या टोकाने नव्हे, तर पेराच्या मांसल भागाने दाबावे. दाब हळूहळू वाढवावा. एका टप्प्यावर बोथट, जडसर, काहीशी सुखद ठणक जाणवते. तेथे थांबावे, आणि तोच दाब राखून लहान वर्तुळे काढावीत. तीक्ष्ण कळ आली, मुंग्या धावल्या, किंवा चेहरा आक्रसला, तर तो दाब जास्त आहे. ‘जितके दुखेल तितका गुण’ हा समज सर्वस्वी चुकीचा आहे. एका जागी एक ते तीन मिनिटे पुरतात. दाबताना श्वास रोखू नये. उलट नेहमीपेक्षा संथ सोडावा. जेवणानंतर लगेच करू नये. ज्येष्ठांनी बसून किंवा पडून करावे, आणि नंतर एकदम उठू नये.

खरखरीत रोलर, काटेरी चपला, लाकडी दांडकी यांची घरगुती उपयोगास गरज नाही. चीनमधील उद्यानांत गोट्यांच्या पायवाटा असतात आणि तेथील वृद्ध त्यांवरून अनवाणी चालतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात, साठीपुढील १०८ जणांपैकी गोट्यांसारख्या चटईवर सोळा आठवडे चालणाऱ्यांचा तोल व रक्तदाब साध्या चालणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारल्याचे दिसले. परंतु ही चालण्यास समर्थ असलेली माणसे होती, आणि तो व्यायाम देखरेखीखाली झाला होता. मधुमेहाने तळव्यांची संवेदना कमी झालेल्या माणसाने काटेरी चपला घालणे म्हणजे जखमेला आमंत्रण होय. ज्याला खडा टोचलेला कळत नाही, त्याला चपलेचा काटाही टोचलेला कळणार नाही.

कोठे थांबावे?

पुढील गोष्टी कृपया पुन्हा एकदा वाचाव्यात, आणि शक्य तर कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवाव्यात.

रक्त पातळ करणारी औषधे, म्हणजे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन किंवा तत्सम गोळ्या चालू असतील, किंवा स्टेरॉइड दीर्घकाळ घेतले असेल, तर दाब केवळ स्पर्शाएवढाच ठेवावा. अन्यथा त्वचेखाली रक्त साकळून काळे-निळे डाग पडतात.

एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली व दुखू लागली, तर ती अजिबात चोळू नये. खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याची शक्यता असते, आणि ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

मानेच्या पुढच्या व बाजूच्या भागावर दाबू नये. तेथे मेंदूकडे जाणारी मोठी रोहिणी असते. दाबाने नाडी मंदावून भोवळ येऊ शकते.

हाडे ठिसूळ असल्यास पाठीचा कणा व बरगड्या यांवर जोर देऊ नये. जखम, पुरळ, फुगलेल्या निळ्या शिरा, कोणतीही गाठ, तसेच स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर सुजलेला हात, या जागा वगळाव्यात. पक्षाघाताने संवेदना गेलेल्या बाजूला दाब किती होतो हे रुग्णाला सांगता येत नाही. तेथे केवळ हळुवार हात फिरवावा. पेसमेकर बसवलेल्यांनी विजेचे झटके देणारी बिंदुयंत्रे वापरू नयेत.

आता सर्वांत महत्त्वाचे. नेइग्वान हा बिंदू परंपरेत छातीच्या अस्वस्थतेसाठीही सांगितलेला आहे, आणि पुस्तकांत तसे छापलेले असते. येथेच जीवघेणा विलंब होतो. ‘गॅस झाला आहे’ असे म्हणत मनगट दाबत रात्र काढलेली आणि सकाळी हृदयविकाराचा झटका घेऊनच दवाखान्यात आलेली माणसे मी पाहिली आहेत. साठीनंतर, विशेषतः मधुमेह असल्यास, छातीत भरून येणे, जबडा किंवा डावा हात दुखणे, घाम फुटणे, धाप लागणे, किंवा नुसतीच अनाकलनीय मळमळ, हे सारे प्रथम हृदयाचे मानावे. ईसीजी निघून डॉक्टरांनी हृदय निर्दोष आहे असे सांगेपर्यंत बिंदू शोधत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

तसाच एक संदेश मोबाइलवर अनेक वर्षे फिरतो आहे. पक्षाघात झाल्यास रुग्णाला हलवू नका, सुईने दहाही बोटांची टोके टोचून रक्त काढा, असे त्यात चिनी वैद्यकाच्या नावावर सांगितलेले असते. हे करू नका, आणि तो संदेश कोणाला पाठवूही नका. तोंड वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही अकस्मात झाले, तर घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी, तोंडाने काहीही देऊ नये, आणि जेथे सीटी स्कॅनची सोय आहे अशा रुग्णालयात तत्काळ न्यावे. मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्यातही प्रत्येक मिनिट मोलाचे असते. बोटे टोचण्यात गेलेली दहा मिनिटे परत मिळत नाहीत.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

एवढ्या निषेधांनंतर, हे सारे करावे तरी कशासाठी, असे आपल्याला वाटेल. म्हणून ‘योंगच्वान’कडे, त्या तळव्यावरच्या झऱ्याकडे, परत येऊ.

घरातील वृद्धाचे पाय दिवसाकाठी कोण पाहते? वाकता येत नाही म्हणून स्वतः त्यांना दिसत नाहीत. मोजे-चपलांत असल्यामुळे इतरांना दिसत नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या एका मधुमेही आजींच्या सूनबाई रोज रात्री त्यांचे तळवे चोळून देत. एका रात्री त्यांना दोन बोटांच्या बेचक्यात ओलसर, काळपट ठिपका दिसला. आजींना तेथे काहीच दुखत नव्हते. मधुमेहात मज्जातंतू मंदावले की असेच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दवाखान्यात आल्या. जखम अजून वरवरची होती. मलमपट्टी, प्रतिजैविके आणि साखरेचे नियंत्रण यांवर ती भरली. पंधरवडा उशीर झाला असता, तर बोट वाचले असते असे मी खात्रीने सांगू शकत नाही. त्या बिंदूने आजींची झोप किती सुधारली, मला ठाऊक नाही. रोज पायाकडे बसणाऱ्या सूनबाईंनी त्यांचा पाय वाचवला, एवढे ठाऊक आहे.

म्हणून तळवे चोळण्यापूर्वी उजेडात पाय नीट पाहावा. बोटांच्या बेचक्यांत ओल, भेगा, फोड आहेत का? दोन्ही पाय सारखेच ऊबदार आहेत का? घोट्यावर अंगठा दाबून सोडल्यावर खळगा तसाच राहतो का? राहत असेल, तर ती सूज आहे, आणि तिचे मूळ हृदय, मूत्रपिंड किंवा एखाद्या गोळीत असू शकते. मनगटावर शेनमेन शोधताना अंगठ्याच्या बाजूस नाडी लागते. ती नेहमीसारखी संथ आहे, की मध्येच चुकते आहे? हात घट्ट आहे, की महिन्याभरात बांगडी सैल झाली आहे? हे सारे तपासण्यास वैद्यकीय शिक्षण लागत नाही. रोजची ओळख लागते. मधुमेही व्यक्तीचे पाय गरम पाण्यात बुडवण्यापूर्वी मात्र पाण्याचे तापमान नेहमी दुसऱ्याने आपल्या कोपराने पाहावे.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीचा हात धरण्यापूर्वी समोर येऊन, नाव घेऊन, ‘हात दाबून देऊ का?’ असे विचारावे. त्यांनी हात मागे घेतला, तर त्या दिवशी सोडून द्यावे. आणि शुश्रूषा करणाऱ्या ताई-वहिनींनो, दादांनो, दोन मिनिटे स्वतःच्या तळहातासाठीही ठेवा. दिवसभर उचलाउचल करून आपलीही मनगटे दुखतात, याची दखल घरात क्वचितच कोणी घेते.

आरंभी एक साधी वही घ्यावी. तीन आठवडे, रोज ठरावीक वेळी, दोनच बिंदू निवडावेत, सहाही नव्हेत. झोप किती तास झाली, मळमळ किंवा डोकेदुखी किती वेळा झाली, हे लिहावे. चालू औषधांत एकाही गोळीचा बदल करू नये. तीन आठवड्यांनी फरक दिसला, तर आनंदाने चालू ठेवावे. दिसला नाही, तर खंत न करता सोडावे. मळमळ, निद्रानाश किंवा डोकेदुखी तीन आठवड्यांनंतरही टिकून असेल, किंवा त्याआधीच वाढत असेल, तर तिचे कारण शोधणे आवश्यक आहे. पुढच्या तपासणीस येताना ती वही बरोबर आणावी, आणि पायांविषयी काही लिहिले असेल तर ते पान आपल्या डॉक्टरांना आधी दाखवावे.